इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनासाठी

पत्र: नमस्कार काका. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. मागच्या वर्षी हौसेनं एक जुनी १६ फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट घेतली. मागे ४० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन आणि पुढे नाळेवर १२ व्होल्टची, ५५ पाउंड थ्रस्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे गळ टाकताना बोट हळूहळू सरकवणारी विजेची मोटर. बॅटरी मात्र एकच, सगळं तिच्यावर. जूनमध्ये लेक सेंट क्लेअरवर मी, बायको आणि मुलगा दिवसभर गळ टाकून बसलो. संध्याकाळी निघायला सेल्फ मारला तर नुसतं टकटकटक. शेवटी एका भल्या माणसानं त्याच्या बोटीला दोर बांधून आम्हाला धक्क्यापर्यंत आणलं. बायको म्हणते बोट विका. मी म्हणतो बॅटरी बदलू. एक मित्र सांगतो, मोठी ‘ड्युअल पर्पज’ घे, दोन्ही कामं करते. दुकानदार म्हणतो, दोन लिथियम घ्या आणि विसरून जा. ऑफिसातला एकजण म्हणतो, गाडीतली जुनी बॅटरी टाक, सगळ्या सारख्याच असतात. बोट भाड्याच्या जागेत उभी असते, तिथे विजेचं कनेक्शन नाही. बॅटरी काढून घरी, दुसऱ्या मजल्यावर न्यावी लागते आणि माझी कंबर आधीच बोलते. मे ते ऑक्टोबर, वर्षाला पंधरा-वीस फेऱ्या होतात. बजेट पाचशे-सहाशे डॉलर. काय घेऊ?

उत्तर:

बोट विकायची गरज नाही. आणि तुमची जुनी बॅटरी मेलेलीच आहे असंही मी आत्ता म्हणणार नाही. तिला कामाला लावलं ते चुकीच्या पद्धतीनं. दिवसभर ट्रोलिंग मोटर तिच्यातला करंट ओढत राहिली आणि संध्याकाळी तिच्याकडूनच इंजिन फिरवायची अपेक्षा केली गेली. ती टकटक म्हणजे स्टार्टरचा सोलेनॉइड, स्टार्टरला करंट जोडून देणारा विजेचा स्विच. बॅटरीत त्याला ओढून घेण्यापुरता दम असतो. पण स्टार्टरनं खरा करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. तेच चक्र सेकंदाला अनेकदा चालतं आणि तुम्हाला ते टकटक म्हणून ऐकू येतं. तसा आवाज आला की इंजिनात काय बिघडलं ते शोधत बसू नका. आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा.

लेक सेंट क्लेअरवर हे होणं मला बरं वाटलं नाही. सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचं पाणी आहे ते आणि सरासरी खोली जेमतेम ११ फूट. इतकं उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा बघता बघता उठतात. त्यात मधून मालवाहू जहाजांसाठी खोदलेला मार्ग जातो. बंद इंजिनाची १६ फुटी बोट, त्यात मूल, आणि समोरून ग्रेट लेक्सचं सहा-सातशे फुटी जहाज, हा प्रसंग टाळायचा आहे. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं असं की इंजिनाची बॅटरी इंजिनालाच राहू द्या. तिला दुसरं कोणी हात लावायचा नाही. बाकी सगळं, म्हणजे कंपनी कुठली, शिसं की लिथियम, यावर मतभेद होऊ शकतात. यावर नाही.

आता दोन्ही कामं किती वेगळी आहेत ते आकड्यांत बघा. तुमच्या आकाराचं इंजिन सुरू होताना स्टार्टर साधारण दीड-दोनशे अँप ओढतो, पण दोन-तीन सेकंदच. दोनशे अँप, तीन सेकंद धरले तरी खर्च होतो ०.१७ एएच (अँपिअर-अवर, एक अँप तासभर चालला की एक एएच). पाव एएचसुद्धा नाही. नंतर इंजिन चालू झालं आणि त्याच्या चार्जिंगमधून बॅटरीत दहा अँप जरी गेले, तरी मिनिटाभरात हिशेब जवळपास फिटतो. याउलट तुमची ५५ पाउंडाची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँप घेते, मध्यम वेगात बारा-पंधरा, आणि हे तासन् तास चालतं. एका दिवसात ती चाळीस-पन्नास एएच सहज खाते.

बॅटरीची बांधणीही याच फरकावर ठरते. स्टार्टिंग बॅटरीत शिशाच्या प्लेट पातळ आणि पुष्कळ असतात. ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे एकदम भरमसाट करंट निघतो. पण अशा प्लेटवरचा मसाला खोलवर रिकामं होणं सोसत नाही, झडायला लागतो. डीप सायकल बॅटरीत प्लेट जाड आणि थोड्या. झटका तेवढा देत नाही, पण अर्ध्यापर्यंत उतरवून पुन्हा भरणं शेकडो वेळा सहन करते. ड्युअल पर्पज या दोहोंच्या मधे कुठेतरी.

म्हणून ऑफिसातल्या सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गाडीची चांगली बॅटरी तुमचं इंजिन नक्की फिरवेल. पण ‘जुनी’ या शब्दाला माझी हरकत आहे, आणि तिच्यावर ट्रोलिंग मोटर लावली तर एकाच उन्हाळ्यात ती भंगारात जाईल. मित्राच्या ड्युअल पर्पजबद्दल सांगायचं तर ज्या बोटीत दुसऱ्या बॅटरीला जागाच नाही, किंवा इंजिन छोटं आहे आणि दोरी ओढून सुरू होतं, तिथे ती ठीक. तुमच्याकडे तिनं काय होईल? मोठी ड्युअल पर्पज संध्याकाळी सहाच्या ऐवजी आठला उतरेल. अंधारात.

स्टार्टिंग बॅटरी

यावर फार पैसे घालू नका. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये किमान किती सीसीए किंवा एमसीए लागतात (बॅटरीच्या झटक्याच्या जोराचे आकडे, खाली सांगतो) ते छापलेलं असतं. तो आकडा पाळा, वर थोडी मोकळीक ठेवा, बास. ग्रुप २४ मापाची साधी, पाण्याची मरीन स्टार्टिंग बॅटरी तुमच्या इंजिनाला बहुतेक पुरून उरेल. किंमत साधारण ११० ते १४० डॉलर. जुनी बॅटरी परत दिली की कोअर चार्ज म्हणून घेतलेले पैसे सुटतात, ती न्यायला विसरू नका.

दुकानात लेबल नीट वाचा, कारण इथे लोक फसतात. सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी ३० सेकंद किती अँप देऊ शकते, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता. एमसीए म्हणजे तेच, पण शून्य अंशाला. बॅटरी गरम असली की जोर जास्त, म्हणून एकाच बॅटरीचा एमसीएचा आकडा सीसीएपेक्षा वीस-पंचवीस टक्के मोठा दिसतो. डब्यावर ठळक अक्षरात ‘१०००’ छापलेलं असतं ते सहसा एमसीए. कोपऱ्यात बारीक अक्षरात सीसीए ८०० असतात. दोन डब्यांची तुलना करताना एकाचा सीसीए आणि दुसऱ्याचा एमसीए धरू नका. आणि हजार अँपची घेतली म्हणून इंजिन जास्त जोरात फिरत नाही. स्टार्टर त्याला हवा तेवढाच करंट घेतो.

तारखेचं स्टिकरही बघा. बऱ्याच अमेरिकन बॅटऱ्यांवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर महिन्याचं, आकडा वर्षाचा, म्हणजे ‘सी’ आणि ५ असेल तर मार्च २०२५. सहा महिन्यांहून जुना माल असेल तर मागच्या रांगेतला डबा काढायला सांगा. शिशाची बॅटरी फळीवर नुसती बसूनही महिन्याला थोडी थोडी उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचा थर धरतो. नवी म्हणून घेतलेली बॅटरी घरी येतानाच म्हातारी असते.

पण थांबा. हे पैसे खर्च करण्याआधी जुनी बॅटरी तपासा. ती पूर्ण चार्ज करा, रात्रभर कशालाही न जोडता ठेवा, सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवलं तर आशा आहे. १२.२ च्या आसपास म्हणजे चार्ज करूनही निम्मीच भरलेली, तिला निरोप द्या. आशा असेल तर ऑटो पार्ट्सच्या दुकानात नेऊन लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या, बरीच दुकानं हे फुकट करतात. पास झाली तर तीच इंजिनाला राहू द्या. शंभर डॉलर वाचले.

ट्रोलिंग मोटरची बॅटरी

इथे आधी हिशेब, मग खरेदी. समजा तुम्ही सहा तास पाण्यावर आहात. मोटर काही सतत चालत नाही. किनाऱ्याच्या कडेकडेनं सरकणं, वाऱ्याविरुद्ध जागेवर थांबणं, असे मध्यम वेगाचे अडीच तास धरू. १४ अँपनं झाले ३५ एएच. वारा अंगावर आला किंवा एका जागेवरून दुसरीकडे जायचं म्हणून पूर्ण वेगाची पंधरा मिनिटं. ५० अँपनं १२.५ एएच. एकूण सुमारे ४८.

शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. म्हणजे ४८ वापरायला जवळजवळ १०० एएचची हवी. त्यातही एक मेख आहे. लेबलवरचे १०० एएच हे २० तासांच्या संथ गतीनं, म्हणजे सतत ५ अँपनं काढले तर. जोरात ओढलं की तीच बॅटरी कमी देते. म्हणून ट्रोलिंगसाठी ‘रिझर्व्ह कपॅसिटी’ हा आकडा जास्त प्रामाणिक. २५ अँप सतत काढले तर १०.५ व्होल्टपर्यंत यायला किती मिनिटं लागतात, ते तो सांगतो. १८० मिनिटं लिहिलं असेल तर २५ गुणिले ३, म्हणजे ७५ एएच प्रत्यक्षात हातात येतात. ग्रुप २४ ची डीप सायकल तुम्हाला तोकडी पडेल. ग्रुप २७ कशीबशी, ग्रुप ३१ बरोबर. पण ग्रुप ३१ चं वजन साठ ते सत्तर पाउंड.

आणि तुम्ही तर ती उचलून दुसऱ्या मजल्यावर नेणार. पंधरा-वीस फेऱ्या म्हणजे तितक्या वेळा वर आणि तितक्या वेळा खाली. वर साधी पाण्याची बॅटरी घरात चार्ज करताना हायड्रोजन सुटतो, ॲसिड असतं, कलंडली तर गालिचाची वाट. राहत्या खोलीत मी ती चार्ज करू देणार नाही. एजीएममध्ये, म्हणजे ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेल्या सीलबंद शिशाच्या बॅटरीत, ॲसिड सांडत नाही, पण वजन तेवढंच, किंमत दुप्पट-अडीचपट.

एरवी मी लिथियमचा मोठा भक्त नाही. गराजमध्ये बोट उभी असलेल्या, रात्री प्लग लावून झोपणाऱ्या माणसाला मी आजही ग्रुप ३१ ची साधी डीप सायकल घ्यायला सांगतो, आणि उरलेल्या पैशांत चांगला चार्जर. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही ट्रोलिंगसाठी १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. वजन बावीस ते तीस पाउंड, म्हणजे एका हातात पिशवीसारखी नेता येईल. ऐंशी-नव्वद टक्के वापरली तरी ती कुरकुरत नाही, त्यामुळे तुमचे ४८ एएच काढूनही संध्याकाळी निम्मी शिल्लक. आता अडीचशे ते साडेतीनशे डॉलरमध्ये बऱ्या कंपन्यांच्या मिळतात. याहून खूप स्वस्त दिसली तर सावध राहा.

दुकानदार म्हणाला तशा दोन लिथियम मात्र घेऊ नका. इंजिनाच्या कंपन्या स्टार्टिंगसाठी लिथियम चालेल की नाही, चालली तर कोणत्या अटींवर, हे मॅन्युअलमध्ये लिहितात, ते वाचल्याशिवाय तर नाहीच. आतला संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, इंजिन चालू असताना अचानक बॅटरी तोडू शकतो, आणि मग चार्जिंगचा करंट जायला जागा न राहिल्यानं व्होल्टेज उसळून इंजिनाचा रेग्युलेटर जळू शकतो. इंजिनाचं काम पाव एएचचं आहे. त्याला महागडी बॅटरी लावून मिळवायचं काय?

लिथियम घेताना तीन-चार गोष्टी बघायच्या. बीएमएसची सततच्या करंटची क्षमता मोटरच्या ५० अँपहून बरीच जास्त असावी, १०० एएचच्या बॅटरीत बहुधा १०० अँप असते, पण लेबलवर खात्री करा. थंडीत चार्जिंग आपोआप बंद करणारी सोय असावी. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते. मिशिगनमध्ये एप्रिलची पहाट आणि ऑक्टोबरची रात्र शून्याच्या आसपास जाऊ शकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार्जर लिथियमचाच हवा, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. तुमच्याकडचा शिशाचा जुना चार्जर, विशेषतः डिसल्फेशनचा, म्हणजे सल्फेटचा थर काढायचा, मोड असलेला, तिला लावू नका. १० अँपचा चार्जर ५० एएच साधारण पाच तासांत भरतो, आणि घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तुमच्या डोळ्यांसमोर ते व्हावं. झोपताना लावून देऊ नका.

चौथी गोष्ट सवयीची. शिशाची बॅटरी उतरत चालली की मोटर हळू होते, तुम्हाला कळतं. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग बीएमएस एकदम तोडतो. जुन्या बजाज स्कूटरला रिझर्व्हचा कॉक असायचा, तसं इथे काही नाही. म्हणून ब्लूटूथवर टक्के दाखवणारी बॅटरी घ्या किंवा वेगळा शंट मीटर, म्हणजे बॅटरीतून गेलेला करंट मोजणारा मीटर, लावा. नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबू नका. तसंच, व्होल्टेज पडत नाही म्हणून पूर्ण वेगावर मोटर तासभर दामटू नका. लिथियमवर मोटर जास्त वेगानं सतत चालवली तर ती तापते, असं मिन कोटासारख्या ट्रोलिंग मोटर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच बजावतात.

जोडणी, जिकडे कोणी बघत नाही

तुमची सध्याची बॅटरी मागच्या बाजूला असणार आणि तिथून नाळेपर्यंत एक वायर गेलेली असणार. ती किती जाडीची आहे बघा. जुन्या बोटीत हटकून १० गेज सापडते (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड). पंधरा फूट जायला आणि पंधरा फूट यायला, अशा ३० फुटांत ५० अँप गेले की दीड व्होल्ट वायरमध्येच जिरतो. बारातला दीड! पूर्ण वेगानं मोटर चालवून पाच मिनिटांनी वायरवर हात ठेवा, कोमट लागेल. तो तुमचा चार्ज आहे, पाणी कापायच्या ऐवजी बोट तापवतोय. इतक्या अंतराला ४ गेज हवी, आणि तांब्याची ती वायर स्वस्त नसते.

लिथियमचा एक फायदा इथे आपोआप मिळतो. पंचवीस-तीस पाउंडांची बॅटरी नाळेजवळच्या कप्प्यात ठेवली तर पुढचा भार फारसा वाढत नाही. मोटरला चार-पाच फुटांची ६ गेजची वायर पुरेल. जुनी लांब वायर मोटरपासून सोडवा आणि मागच्या बॅटरीकडचं टोकही काढून टाका, लोंबत ठेवू नका.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जवळात जवळ ६० अँपचा मरीन ब्रेकर बसवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हे अंतर ७ इंच धरलं आहे. प्रोपेलरमध्ये पाणवेली अडकून मोटर जाम झाली की करंट वाढतो, तेव्हा तो ब्रेकर वायर वाचवतो. बॅटरी ट्रेमध्ये पट्ट्यानं घट्ट बांधा. ९० पाउंडांच्या ओढीनं किंवा बॅटरीच्या वजनाच्या दुप्पट ओढीनं, यातलं जे कमी असेल त्यानं, ती एक इंचाहून जास्त हलता कामा नये, अशी कसोटी कोस्ट गार्डच्या नियमांत आहे. तो नियम आतल्या पेट्रोल इंजिनाच्या बोटींसाठी असला तरी तुम्हीही तोच पाळा. पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी घाला. गळाचं शिसं किंवा पक्कड दोन्ही टर्मिनलांवर पडायला वेळ लागत नाही.

मागच्या बॅटरीवर पंखवाले नट असतील तर ते काढून साधे लॉक नट लावा. हातानं आवळलेला पंखाचा नट लाटांच्या हादऱ्यांनी ढिला होतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमलेली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घासा, कोरडं करा, मग ग्रीस. कधी कधी ‘बॅटरी बसली’ म्हणून आलेल्या बोटीत खरा दोष एवढाच निघतो.

दोन बॅटऱ्या आल्या की कोणीतरी तुम्हाला ‘१-२-दोन्ही’ असा फिरता स्विच सुचवेल. नको. शिसं आणि लिथियम एकमेकांना समांतर जोडायचेच नाहीत, आणि असे स्विच लोक ‘दोन्ही’वर विसरतात. मग तुमचा जून महिना पुन्हा. दोन बॅटऱ्या, दोन वेगळी सर्किटं, मधे एकही सामायिक वायर नाही.

एक छोटा अपवाद: फिश फाइंडर, म्हणजे पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, मागच्या, इंजिनाच्या बॅटरीवर राहू द्या. तो जेमतेम अँपभर घेतो, आणि ट्रोलिंग मोटरच्या बॅटरीवर लावला तर पडद्यावर मोटरची खरखर दिसते. सेल्फ मारताना तो क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर घाबरू नका. लाइव्हवेलचा, म्हणजे धरलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा, पंप मात्र लबाड आहे. तीन अँपनं सहा तास चालला तर १८ एएच गेले, तेही इंजिनाच्या बॅटरीतून. टायमर लावा. आणि खरं सांगू का, वॉलाय मासा घरी नेऊन तिखलंच करायचं असेल तर त्याला जिवंत ठेवायची गरज काय? बर्फाचा कूलर न्या, पंप बंद ठेवा. मासा जास्त ताजा राहतो.

बसलेल्या बॅटरीवरही इंजिन सुरू करून देणारा एक लिथियम जंप पॅक बोटीत ठेवा, सत्तर-ऐंशी डॉलरचा. महिन्यातून एकदा तो चार्ज आहे ना बघा. बजेटच्या बाहेर जात असेल तर आधी जुनी बॅटरी पास होते का ते बघा, म्हणजे पैसे निघतील. इंजिनाच्या टोपणाखाली आणीबाणीची दोरी आहे का, आणि बॅटरी पूर्ण उतरलेली असताना ती ओढून तुमचं इंजिन सुरू होतं का, तेही मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन असेल तर त्याला थोडी तरी वीज लागते.

हिवाळ्यात

लिथियम नोव्हेंबरमध्ये निम्मी भरलेली घरी आणा आणि कपाटात ठेवून द्या. शिशाची स्टार्टिंग बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करून, निगेटिव्ह वायर सोडवून मगच थंडीत सोडा. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही, रिकाम्या बॅटरीतलं उणे सात-आठलाच गोठतं आणि डबा फुटतो. तुमच्या जागेत वीज नसली तरी त्यात अडचण नाही, कारण थंडीत ती स्वतःहून फार हळू उतरते. उन्हाळ्यात दोन फेऱ्यांत महिन्याचं अंतर पडत असेल तर कंट्रोलर असलेलं दहा वॉटचं छोटं सोलर पॅनल तिच्यावर लावून ठेवा. ती चार्ज करायला घरी आणावीच लागली तर बाल्कनीत चार्ज करा, आणि चाळीसेक पाउंडांचा तो डबा दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाला उचलू द्या.

सगळं बसवून झालं की पहिली फेरी सेंट क्लेअरवर नको. केन्सिंग्टन मेट्रोपार्कमधल्या केंट लेकवर जा, तुम्हाला जवळही आहे. निघताना टक्के लिहून ठेवा, नेहमीसारखी मोटर वापरा, दर तासाला आकडा टिपा. माझा ४८ चा हिशेब तुमच्या हाताला किती लागू पडतो ते तिथे कळेल. साठ-सत्तर निघाले तरी १०० एएचमध्ये बसतात. त्याहून वर गेले तर मोटरचं प्रोपेलर काढून बघा. शाफ्टभोवती गळाचा दोरा गुंडाळलेला असला की मोटर गुपचूप जास्त करंट खाते, आणि आतलं सील कापलं गेलं तर पाणीही शिरतं.